इंदुताईनं अपडेट केलं नाही

मागच्या वर्षी मी दोन महिने मेलेला होतो. हसू नका. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं मिस्त्री म्हणून राबलो, पेन्शन बसली, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही म्हणून सरकारी कागदावर शालिकराम खतम. इकडे सक्करदऱ्यात मी दोन्ही टाईम उधारीची वरण-पोळी खाऊन राहिलो होतो.

आमचे दाखले इंदुताई काढते. तळ्याच्या बाजूले तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा तिले कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. दीर म्हणाला, "वहिनी, दुकान विकून टाका." ही म्हणाली, "विकीन तेव्हा विकीन, तुमच्या सल्ल्यानं नाही." अन् शेचाळिसाव्या वर्षी कॉलेजच्या पोट्ट्यांच्या मधात क्लासले जाऊन बसली. आज अर्ध्या भागातले पेन्शनर तिच्या दारात येतात. यंत्राच्या काचेवर बोट टेकवायचं, यंत्रानं ओळखलं की दाखला गेला. बाई तोंडाची तिखट आहे, पण कामात खोट नाही.

मागच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता यंत्रानं माझं बोट घेतलंच नाही. तिचा भाचा पुष्कर पुण्यात इंजिनिअर आहे, तो फोनवर म्हणाला, "मावशी, सगळे ड्रायव्हर अपडेट कर." ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपले यंत्राची भाषा समजावून सांगणारा दुभाष्या, हे ताईनंच मले सांगितलं होतं. तिनं केलं अपडेट. झालं! यंत्र चार दिवस मुकं. बाकीचे धावत बँकेत गेले, मी मात्र आज सुरू होईल, उद्या होईल करत बसलो, अन् महिना संपला. मग मले जिवंत करायले ताईनं माझ्यासोबत कोषागाराच्या चार चकरा मारल्या. दर वेळी म्हणायची, "माझ्यामुळं झालं, भाऊ." मी नुसता ऐकून घ्यायचो.

यंदा तिनं नवा लॅपटॉप घेतला. मी पोरीच्या बाळंतपणापायी महिनाभर कळमेश्वरले अडकलो होतो, ते उगवलो थेट नोव्हेंबरच्या तीस तारखेले, दाखल्याच्या शेवटच्या दिवशी. वार रविवार, बँक बंद. आता ताई नाही तर कोणी नाही.

बोट टेकवलं. नाही घेतलं. दुसरं टेकवलं. तेही नाही. अन् तेवढ्यात लॅपटॉपवर चौकोन उघडला: नवे ड्रायव्हर आले आहेत, अपडेट करा.

ताईनं पुष्करले फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, नवीन लॅपटॉप आहे, अपडेट करायलाच हवं. उगाच हट्ट करू नकोस."

"दाबा ना ताई ते बटन!" मी ओरडलो. "काहून थांबून राहिल्या? मले पुन्हा मरायचं नाही!"

"तुम्ही गप बसा!" ती माझ्यावर खेकसली. मग फोनात म्हणाली, "हे बघ पुष्कर, अर्ध्या तासाआधी याच लॅपटॉपवर चंपतराव पेन्शनरचं बोट एका झटक्यात घेतलं. तेवढ्यात ड्रायव्हर म्हातारा झाला का गा? मागच्या वर्षी तुझं ऐकलं, अन् या भाऊच्या घरी दोन महिने चूल कशी पेटली ते मी डोळ्यानं पाहिलं. आज माझ्या दारात नऊ जणं उभे आहेत. मी हात लावणार नाही."

"मग बिघाड कुठे आहे?"

"तो मी शोधीन. डिसेंबरात सवडीनं करीन तुझं अपडेट, वाटलं तर." तिनं फोन ठेवला.

"अन् नाही सापडला तर?" मी विचारलं.

"तर कोषागाराच्या दारात मी बसीन तुमच्यासाठी. पण हे बटन दाबणार नाही." तिनं तो चौकोन खटकन बंद केला.

मग तिनं यंत्र उचलून उजेडात धरलं. काचेकडे पाहिलं, माझा हात ओढला अन् नाकाशी नेला. "खोबरेल?"

"जवस," मी म्हणालो. सिमेंटानं बोटाच्या रेघा खाल्ल्या आहेत. रेघा वर याव्या म्हणून माझी बायको जयवंता दाखल्याच्या दिवशी बोटाले तेल चोळून देते. आमच्या मिस्त्री लोकांत सगळ्यांचा हाच इलाज आहे.

"अहो भाऊ, ही काच आहे, तवा नाही!" ताईनं कपाळावर हात मारला. मले नळावर पाठवून दोनदा साबणानं हात धुवायले लावले, काच पुसली. बोट टेकवलं. हिरवी खूण आली. दाखला गेला.

मी देवाले हात जोडून राहिलो होतो, तर ती हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी पण लावलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. वर्षभर ती स्वतःले दोष देत होती, अन् खरं सांगतो, मले ते बरं वाटायचं. आता मान वर होईना. सगळ्या लाईनीसमोर म्हणालो, "हाव ताई. लावलं होतं. सुरुवात माझ्या बोटापासून झाली, तुमच्यापासून नाही."

तिचे डोळे भरून आले. मग अशी कडाडली की बाहेरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं. "वर्षभर मले धड झोप नाही, शालिकराम! उठा. नळापाशी उभे राहा. एक जरी तेलकट बोट आत आलं, तर माझ्याशी गाठ आहे."

दुकान बंद होईपर्यंत मी साबण घेऊन नळापाशी उभा होतो. नऊ जणांपैकी चौघांनी तेल लावलं होतं.