एका पायडलाची सायकल

सत्यवती डोर्लेकरला माज आलाय, असं नाचणे गावातले लोक बोलू लागले तेव्हा तिला मनातून हायसं वाटलं. ऐकायला विचित्र आहे, पण बाई तशीच. शिवी दिलेली तिला चालते, कीव केलेली चालत नाही.

आधी बाई कोण ते समजून घ्या. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, सायकलवर लादायची आणि चढ चढून वर नाचण्याला दारोदार विकायची, हा तिचा धंदा. तिच्या ज्ञातीतल्या बाकी बायका डोक्यावर पाटी घेतात, नाहीतर चौघी मिळून रिक्षा करतात. सायकलवाली ही एकटीच. सायकल मूळची नवऱ्याची. तो काविळीने गेला तेव्हा त्यांची एकुलती मुलगी भाविका अजून शाळेतही जात नव्हती. तेरावं उरकलं आणि दीर सायकल न्यायला दारात हजर.

"तू काय करणार हिचं? पुरुषांची सायकल ती. मधे दांडा हाय."

सत्यवतीने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि सरळ दांड्यावरून पाय टाकला. "दांडा गोल साडीवालीला नडतो, भावजी. मला नाय."

दीर हात हलवत परत गेला. मग शिकताना तिची दोन्ही कोपरं फुटली, हनुवटी फुटली. ते मात्र तिने कुणाला दाखवलं नाही. विचारलं तर म्हणायची, विळीवर पडले. माणूस विळीवर पडून हनुवटी कशी फोडून घेईल, एवढंही कुणी विचारलं नाही. लोकांना दुसऱ्याच्या हनुवटीत रस कितीसा असतो?

पुढची कितीतरी वर्षं नाचण्याची सकाळ तिच्या भोंग्याने व्हायची. गेटाशी सायकल टेकवायची, क्रेट उघडायची, भावावरून भांडायचं आणि मग तिथेच अंगणात उकिडवं बसून मासळी साफ करून द्यायची. भांडणात पटाईत एकच गिऱ्हाईक, आप्पा मयेकर. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. "सत्यवती, हे बांगडे परवाचे की तेरवाचे?" हा त्यांचा नमस्कार, आणि "तुमच्या लग्नातले, वहिनींना विचारा" हा तिचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती माल संपवून रिकाम्या क्रेटी घेऊन उतारावरून खाली येत होती. मागून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आला. वळणावर पुढे काढायची घाई. टेम्पोच्या कडेचा फटका बसला आणि बाई सायकलीसकट कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, आदळली. टेम्पोवाला पळाला नाही, हे त्याच्या आईबापाचं पुण्य. त्यानेच तिला उचलून इस्पितळात नेलं आणि पोलिसांपुढे चूक माझी म्हणून सांगितलं. त्यामुळे चूक कोणाची हा वाद उरलाच नाही. उजव्या गुडघ्याच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी पट्ट्या आणि स्क्रू घालून तो जुळवला, पण पुरता वाकेना.

भरपाईचा दावा लावायचं भाविकाने ठरवलं. तिची शाळेतली मैत्रीण श्रद्धा आता वकील झाली होती. श्रद्धा घरी आली, चहा घेतला आणि समजावू लागली. टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायची. औषधपाण्याची, बुडलेल्या धंद्याची, आणि यापुढे तुम्हाला जे जे करता येणार नाही, त्याची.

"काय करता येणार नाय?"

"ते तुम्ही सांगायचं, मावशी."

"मला सगळं येतं."

श्रद्धाने कप खाली ठेवला. "मावशी, असं कोर्टात बोललात तर कंपनी तुमची आरती ओवाळेल."

सगळं येतं, हे धादांत खोटं होतं. सत्यवतीला उकिडवं बसता येत नव्हतं. जिना चढताना ती आधी कुणी बघत नाही ना ते बघायची. सायकलवर बसणं तर दूरच. गुडघा वाकतच नाही तर पायडल कुठून मारणार? पण पावसाळा सरून बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, तशी ती सायकल घेऊन नाचण्याला हजर झाली. लोकांना वाटलं, बाई ठणठणीत झाली. खरी गोष्ट अशी की ती सायकल धरून चालत होती. दोन्ही हात हँडलवर, अंगाचा भार सायकलीवर, एकेक पाऊल. चढावर भरलेली सायकल कोण चालवतो? सगळेच हातात धरून नेतात. तेव्हा कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. पंचाईत उतारावर व्हायची. परत जाताना उताराच्या तोंडाशी काजूचं झाड आहे. त्याच्या सावलीत ती पदराने वारा घेत उभी राहायची, रस्ता रिकामा झाला की सायकलीला बिलगून हळूहळू उतरायची. धरून चालताना डावं पायडल तिच्या उजव्या नडगीला लागायचं, नेमकं दुखऱ्या पायाला, म्हणून तिने ते काढूनच टाकलं. गिऱ्हाइकाच्या दारात सायकल टेकवताना डावी बाजू भिंतीकडे. भाविकालासुद्धा पत्ता नाही.

आणि मासळी साफ करून देणं बंद. "वेळ नाय मला. घरात विळी हाय ना तुमच्या?" असं फटकन म्हणायची आणि चालू लागायची. बायका खवळल्या. आप्पा तर गेटावरूनच ओरडले, "काय गो सत्यवती, माज आलाय? सुरमई विकतेस की सोनं?"

"सोनंच. परवडत नसेल तर सुकट खावा."

माज आलाय. म्हणू देत. लंगडी झाली असं तर कुणी म्हणत नव्हतं.

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी डॉक्टरांच्या मंडळापुढे जायचं होतं, तिथे बाईंनी कमालच केली. डॉक्टरांनी गुडघा धरून वाकवला. "दुखतंय?" "नाय." अजून वाकवला. "आता?" घामाचे थेंब कपाळावर, दात आवळलेले, आणि उत्तर, "नाय वो." डॉक्टरांना काय, त्यांनी क्ष-किरणाचं चित्र पाहिलं, बाईचं उत्तर ऐकलं आणि त्या मानाने कमीच टक्के लिहिले. बाहेर आल्यावर श्रद्धाने डोक्याला हात लावला. सुशिक्षित मुलगी, पण रागाने रस्त्यातच रडकुंडीला आली.

"कशासाठी, मावशी? त्या डॉक्टरला काय तुम्ही मासे विकणार होतात?"

सत्यवतीने पदराने कपाळावरचा घाम पुसला. तिला स्वतःलाही ते नीट ठाऊक नसावं. एवढ्या वर्षांची सवय अशी एका प्रश्नाने सुटते थोडीच?

तारीख लागली. आधीच्या तारखेला आप्पा मयेकरांची साक्ष होऊन गेली होती, ही बाई इतकी वर्षं आमच्याकडे मासे देते, तिचा धंदा चांगला होता म्हणून. आज सत्यवतीची पाळी. आप्पा आजही आले होते, काम नसताना. निवृत्त माणसाला कोर्टाएवढी करमणूक कुठे मिळणार? मागच्या बाकावर ऐसपैस बसले.

सत्यवती निळं काठाचं लुगडं नेसून, हातात पाटल्या घालून, नेहमीची सायकल धरून आली. लग्नाला निघाल्यासारखी. श्रद्धाने तिला व्हरांड्यातच गाठलं.

"मावशी, निदान आज तरी ताठ चालू नका."

"नाटक करू?"

"नाटक नाही हो! रोज जे नाटक करता ना, तेवढं आज बंद ठेवा."

पोरीने वर्मावर बोट ठेवलं होतं. तेवढ्यात पुकारा झाला.

कंपनीचे वकील वयस्कर, गोड बोलणारे. ओरडणारा वकील परवडतो, हा गोड बोलणारा घातकी. त्यांनी एक फोटो पुढे केला. कंपनीने माणूस पाठवून काढून घेतलेला. नाचण्यातलं एक गेट, भरल्या क्रेटींची सायकल आणि शेजारी हँडलवर हात ठेवून हसणारी सत्यवती.

"बाई, या तुम्हीच ना?"

"मीच."

"सायकल?"

"घोवाची. तो गेल्यापासून माजी."

"बंदरापासून नाचण्यापर्यंत चढ आहे, नाही का?"

"चढच चढ."

"आणि रोज एवढा माल नेता?"

"रोज. एकादशीला नाय. तेव्हा घेतंय कोण?"

कोर्टात हशा पिकला. वकीलसाहेबही हसले. "म्हणजे अपघातानंतरही धंदा चालू आहे, आणि सायकल पूर्वीसारखीच चालवता. बरोबर?"

श्रद्धा उठायला गेली आणि बसली. काय हरकत घेणार? फोटो खराच होता. भाविका पदराशी चाळा करत होती. सत्यवतीची नजर मात्र मागच्या बाकावर गेली. आप्पा मान पुढे काढून ऐकत होते. हो म्हटलं तर दावा बुडाला. नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या नाचण्याला कळणार. आप्पांच्या तोंडाला कंडक्टरकीपासून कुलूप नाही. मग उद्यापासून गेटागेटाशी बारीक तोंडं करून लोक म्हणणार, अरेरे, बिचारी.

"बाई, प्रश्न समजला का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"समजला, साहेब." तिने हाताखालचा लाकडी कठडा घट्ट धरला, सायकलचं हँडल धरावं तसा. "मी सायकलवर बसत नाय. पडल्यापासून एकदापण बसले नाय. धरून चालते."

"सगळी वाट?"

"सगळी. उतारावर तर जास्तच धरते."

वकीलसाहेबांचा गोडवा थोडा कमी झाला. "हे आत्ता सुचलं वाटतं."

"सायकल खाली झाडाला टेकवलीय. बघून या. डावं पायडल नाय तिला. धरून चालताना नडगीला लागतं, म्हणून मी काढलंय."

न्यायाधीशांनी शिपायाला पाठवलं. शिपाई परत आला आणि म्हणाला, पायडल एकच आहे, साहेब. उजवं.

"मग बाई, काठी का घेत नाही?" न्यायाधीशांनी विचारलं. दाव्याशी या प्रश्नाचा संबंध नव्हता; माणूस म्हणूनच विचारलं असावं.

"काठी घेतली की गिऱ्हाईक मासळी बघत नाय, साहेब, काठीच बघतं. मग भाव करत नाय. ठेव गो, राहू दे, म्हणतं." मागे बघायचं तिने टाळलं. "माज्याशी भांडायला पायजे लोकांनी. नायतर मी कशाला जायची वर?"

मग श्रद्धाने उठून विचारलं तसं तिने सगळं सांगितलं. उकिडवं बसता येत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, डॉक्टरांपुढे खोटं बोलले. सांगताना एकदाही रडली नाही. रडायचं काम भाविकाने केलं.

बाहेर आल्यावर भाविका तिच्यावर बरसलीच. "आये, मला पण नाय सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू सायकल भंगारात घातली असतीस."

"घातलीच असती!"

"मग? बरं केलं ना मी?"

तेवढ्यात आप्पा जिना उतरून आले. सत्यवतीने नजर चुकवली आणि उगाच सायकलच्या क्रेटीची दोरी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"माज आलाय म्हणत होतो तुला," आप्पा म्हणाले.

"म्हणा की. बरं वाटत होतं."

आप्पांनी वाकून त्या पायडलाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग म्हणाले, "उद्या पेडवे आण. आणि भाव नीट लाव. कोर्टात खरं बोललीस म्हणून जास्त देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा भोंगा वाजला तेव्हा आप्पा अंगणात विळी घेऊन बसलेले. बायकोला हात लावू देईनात. पेडवे स्वतः साफ करणार म्हणे. खवले भिंतीपर्यंत उडाले, एक मांजर घेऊन पळालं. सत्यवती गडग्याला टेकून बघत होती. तिला राहवेना.

"आप्पा, पोट असं नाय फाडत! तिकीट फाडताय काय?"

"तू गप. सुट्टे पैसे काढ."

निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला. मागितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी मिळालं. श्रद्धाचं म्हणणं, उरलेलं मावशींनी त्या डॉक्टरांपुढे दात आवळून घालवलं, आणि तिचं चूक नाही. जे मिळालं त्यात गुडघ्याची पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही यावरून मायलेकींचं रोज वाजतं. सत्यवती म्हणते, पावसाळ्यात बघू. भाविका म्हणते, कुठल्या पावसाळ्यात ते सांग.

सायकल अजून आहे. डावं पायडल घरात कुठेतरी पडलंय, ते तिने परत लावलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या दारात सायकल आता कशीही टेकवते. माल संपला की उताराच्या तोंडाशी येते, पण काजूच्या झाडाखाली थांबत नाही. भरल्या रस्त्यात, हँडलवर भार टाकून, उजवा पाय ओढत उतरते. मागे गाड्या खोळंबतात. परवा एकाने सारखा हॉर्न वाजवला, तेव्हा तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"थांब रे मेल्या," ती म्हणाली, "दिसत नाय, माजा पाय दुखतोय?"