वहिनी हरवली नव्हती

माझी वहिनी त्या बेटावर हरवली नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आणि घराबाहेरही नेमकं उलटं सांगितलं जातं, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सांगणारा माझा सख्खा भाऊ आहे. बहीण भावाची बाजू घेणार, आपला तो बाब्या, असं लोक धरून चालतात. पण बाब्या साठीला टेकला, जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, आणि तरी त्याला स्वतःची बायको दिसत नसेल, तर बहिणीनं किती दिवस मूग गिळून बसायचं?

वहिनी दात बनवते. खरे नव्हेत, कवळ्या. दातांच्या एका दवाखान्यामागे लांबट खोली आहे, तिथे खिडकीशी तिचं टेबल. त्यावर एक छोटा गॅसचा दिवा, मेणाच्या लालसर पट्ट्या आणि प्लास्टरच्या जबड्यांची रांग. नव्या माणसाला ते जबडे बघून दचकायला होतं, वहिनी त्यांच्या शेजारीच डबा उघडून जेवते. एकेक दात मेणात बसवायचा, किंचित तिरका करायचा, लांब धरून बघायचा. "सरळसोट रांग लावली की कवळी लगेच ओळखू येते," ती म्हणते. "माणसाचे दात कधी शिस्तीत उभे राहतात का?" घाई तिला कोणी लावू शकत नाही. प्लास्टर घट्ट व्हायला लागतो तेवढा वेळ लागतोच. डॉक्टर दारात येऊन घड्याळाकडे बघत उभे राहिले तरी ही म्हणणार, "बसा, होतंय."

तिचा आवाज कधी चढत नाही. विचारलं तर ती खरं सांगते, न विचारलं तर काहीच सांगत नाही. या दुसऱ्या सवयीनंच सगळा घोटाळा केला.

बेटाचं वेड तिला एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यानं लावलं. तो तिथला जुना वनरक्षक. कवळी टोचते म्हणून आला होता, ती घासून होईपर्यंत स्टुलावर बसून बोलत राहिला. बेटावर रस्ता नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. होडी एका टोकाला सोडते आणि चार-पाच दिवसांनी दुसऱ्या टोकावरून उचलते. मधलं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालत जायचं. मधोमध एक तळं आहे. पहाटे तिथे मोठाली सांबरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून पाणवनस्पती खातात, आणि माणूस गप्प बसून राहिला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वहिनीनं त्या दिवशी घरी येऊन दादाला सांगितलं. मग दर वर्षी सांगत राहिली. मुलगा लहान होता, मग त्याची शाळा, मग सासूचं आजारपण, मग दुकानाचं नवं काउंटर. तिचं मागणं केवढं होतं? त्या तळ्याकाठी एक अख्खा दिवस बसायचं. सोनंनाणं नाही, बंगला नाही, एक दिवस.

आता दादाविषयी. दादा वाईट माणूस नाही. दारू नाही, जुगार नाही, कधी हात उगारला नाही. एवढ्यावर पुरुषाला देवमाणूस म्हणायची पद्धत आहे, तशी त्यालाही म्हणतात. त्याची खोड एकच, तो पुढे चालतो. बाजारात जाताना दादा पुढे आणि वहिनी मागे, मध्ये भाजीची एक अख्खी हातगाडी मावेल एवढं अंतर. कोपऱ्यावर तो थांबतो, नाही असं नाही. छान टेकून उभा राहतो, रुमालानं मान पुसतो, श्वास घेतो. वहिनी धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचली, की हा म्हणतो, "आलीस? चल." आणि निघतो. म्हणजे विश्रांती सगळी ह्याची. आणि हा वर चारचौघांत सांगणार, "मी दर कोपऱ्यावर हिच्यासाठी थांबतो." थांबतो म्हणे! मी एकदा त्याला हे बोलून दाखवलं तर तो खरोखर बुचकळ्यात पडला. त्याला वाटलं मी त्याचं कौतुक करायला विसरले.

शेवटी एकदाचं जायचं ठरलं. निघायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात वजनकाटा मांडलेला, आणि दादा न्यायाधीशासारखा वाटणी करत होता. दोघांच्या पाठपिशव्या तोळाभरही कमीजास्त नकोत. वहिनी त्याच्या खांद्याला लागते, पण बोजा सारखा, कारण दादा समानतावादी! वजन जुळवायच्या नादात त्यानं तंबूचं कापड स्वतःकडे घेतलं आणि तंबूच्या काठ्या हिच्याकडे दिल्या. स्टोव्ह त्याच्याकडे, त्याची गॅसची डबी हिच्याकडे. तांदूळ त्याच्याकडे, पातेलं हिच्याकडे.

"अरे दादा," मी म्हटलं, "जे एकत्र लागतं ते एका पिशवीत ठेव की."

"आम्ही दोघं एकत्रच असणार ना!" तो म्हणाला.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग पिशवीचा बंद ओढला.

पुढचं मला तिनं तिच्या त्या खोलीत सांगितलं, परत आल्यावर, हातातल्या जबड्यावर मेण चढवता चढवता. आणि मी विचारलं म्हणून सांगितलं. वर शब्द घेतला, "मला कोणी विचारलं तर मी सांगेन. तू आपणहून बोलायचं नाहीस." मी शब्द दिला. तो पाळताना माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच ठाऊक.

बेटावर उतरल्यापासून तेच कोपऱ्याचं प्रकरण सुरू झालं, फक्त कोपऱ्याच्या जागी चढ. दादा वर पोचायचा, दगडावर बसायचा, पाणी प्यायचा. ही पोचली की, "आलीस? चल." पायवाट झाडांच्या मुळांनी भरलेली, मध्ये दलदल, तिथे लाकडाच्या फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवरून दादा भराभर जायचा आणि ही एकेक पाऊल बघून टाकायची. आजूबाजूला काय होतं, कोणती झाडं, कोणते पक्षी, ते दादाला आजही विचारा, सांगता येणार नाही. किती लवकर पोचलो ते मात्र तो मिनिटासकट सांगेल.

असं करत दुपारी ते तळ्यापाशी आले. म्हणजे दादा आला. वहिनी पोचली तोवर त्याचं बिस्किटं खाऊन झालं होतं. तो उठला.

"आलीस? चल. उजेड आहे तोवर पुढचा मुक्काम गाठू. उद्याचं अंतर कमी होईल."

"अहो, इथे राहायचं ठरलं होतं ना?"

"अगं, पुढेही पाणीच आहे," दादा चालता चालता म्हणाला. मागे न बघता.

पुढेही पाणीच आहे! इतकी वर्षं दर वर्षी ज्या तळ्याचं नाव काढलं, त्याला हा माणूस पाणी म्हणतो. हे ऐकताना मी त्या खोलीत इतक्या जोरात टेबलावर हात आपटला की एक जबडा खाली पडला. वहिनी म्हणाली, "हळू. तो उद्या द्यायचाय."

आणि तळ्याकाठी तिनं काय केलं? ती बसली. भांडली नाही, रडली नाही, पिशवी उतरवली आणि एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसली. पाय पाण्यात सोडले. दादा वळणाआड गेला. त्यानं मागे बघितलं असतं तर ती त्याला दिसली असती. त्यानं बघितलं नाही.

पुढच्या मुक्कामाला पोचून महाराजांनी तंबू काढला, तर नुसतं कापड. स्टोव्ह काढला, तर गॅस नाही. तांदूळ आहेत, पातेलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. येईलच मागून, असं म्हणत बसला, तोवर अंधारलं. मग रात्रभर तंबूचं कापड अंगाभोवती गुंडाळून डासांशी झुंजत राहिला. इकडे वहिनीनं सुका पाव खाल्ला, झोपायची पिशवी पसरली आणि उघड्यावर झोपली. भीती वाटली का, विचारलं मी. "वाटली की," ती म्हणाली. "पण झोपही लागली."

पहाटे सांबरं आली. एक मोठं आणि दोन लहान. पाण्यात उतरली, मुंडकं बुडवून पाला ओढून काढायची, पाणी निथळत वर बघायची. वहिनीनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं मेण गार होऊन गेलं होतं, तिला पत्ता नव्हता. अशी काम विसरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आणि मग लांबून हाका आल्या.

"अगं! अगं ए!"

सांबरं गेली. पलीकडच्या काठानं दादा येत होता, पाठीवर पिशवी नाही, शर्ट बाहेर आलेला. चार पावलं पळायचा, थांबून हाक मारायचा, पुन्हा पळायचा. वहिनीला तो स्पष्ट दिसत होता. हाकही स्पष्ट ऐकू येत होती. तिनं ओ दिली नाही. अख्ख्या तळ्याला वळसा घालून तो येईपर्यंत ती बसून राहिली.

"का गं?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून त्यांची पाठच बघत आले," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा माझ्याकडे येताना बघू दे."

दादा तिच्यासमोर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आल्या आल्या त्यानं विचारलं, "कुठे हरवली होतीस?"

"इथेच होते," वहिनी म्हणाली.

ते त्याच्या कानात शिरलंच नाही. झालं तेवढं पुरे म्हणून त्यानं तिला तिथून लगेच उठवलं, आणि उरलेली वाट एका दमात तुडवून होडी गाठली.

तिथून तिच्या हरवण्याची कथा झाली. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना दादा म्हणायचा, "हा घ्या, यातून बायको लांबूनही दिसते. माझी एकदा जंगलात हरवली होती." गिऱ्हाईक हसायचं. दर वेळी कथेला तिखटमीठ लागायचं, जंगल दाट व्हायचं, दादाचं धैर्य वाढायचं, आणि तो तंबूच्या कापडात गुंडाळलेला माणूस कथेतून कधीच गायब झाला. मुलानं आईला दोरीला बांधलेली शिट्टी आणून दिली. शेळीच्या गळ्यात घंटा बांधतात तशी! वहिनीनं ती खिळ्याला अडकवली. मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? दादा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ती हरवली. बायको स्वतःच्या मनानं एखाद्या जागी थांबू शकते, हे त्याच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही.

मागच्या रविवारी मुलाकडे जेवायला जमलो होतो. त्याचं नुकतंच लग्न झालंय, सूनबाईंना घरच्या सगळ्या कथा अजून माहीत नाहीत. जेवता जेवता वहिनी म्हणाली, "पुन्हा एकदा बेटावर जावं म्हणते. तळ्यापाशी राहायचं राहिलंच."

मुलानं घास खाली ठेवला. "आई, आता बेटाबिटाचं नाव काढायचं नाही. पुन्हा हरवलीस म्हणजे?"

दादाला तेवढं निमित्त पुरलं. त्यानं सूनबाईसाठी सगळी कथा पहिल्यापासून सुरू केली, जंगल, अंधार, श्वापदं, आणि शेवटी तळ्याभोवती मारलेल्या हाका. मी माझ्या शब्दाला बांधलेली. ताटाकडे बघत दात आवळून बसले होते.

सूनबाईनं कथा नीट ऐकली. मग ती सासूकडे वळली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "पण आई, तुम्हाला त्या हाका ऐकू आल्या नाहीत?"

इतक्या महिन्यांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही. परक्या घरातून आलेल्या मुलीनं विचारलं.

"आल्या की," वहिनी म्हणाली. "पहिल्या हाकेपासून."

दादा हसत होता तो तसाच तोंड उघडं ठेवून थांबला.

"मग ओ का नाही दिलीस?"

"मी हरवले नव्हते. तुम्ही मला टाकून पुढे गेलात, मी थांबले. तुम्ही परत येता का ते बघत होते."

मुलगा म्हणाला, "आई, काय हे, बाबा रात्रभर..."

"तू गप्प बस," दादा त्याला म्हणाला. मग तो वहिनीकडे वळला. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडला असता तर त्या दिवशी मी त्याची खैर ठेवली नसती. पण त्यानं विचारलं, "मी आलो नसतो तर?"

"तर होडी मला एकटीला घ्यावी लागली असती," वहिनी म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी जाते आहे. डॉक्टरांना सांगून झालंय."

दादानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी आलो तर चालेल?"

वहिनीनं आधी हातातला घास खाल्ला. घाई तिला तेव्हाही नव्हती.

"चालेल," ती म्हणाली. "पण हाका मारायच्या नाहीत. मी दिसेन एवढ्याच अंतरावर चालायचं."