ठकूमावशींचं कोरडं डोकं

ठकूमावशींना हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ यायची. ऐकायला हे साधं वाटेल, पण तुमच्या घरात पहिल्या हाकेला ओ कोण देतं ते जरा आठवून बघा. आपण सगळे कुठेतरी गेलेलो असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला परत येतो. मावशी स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. दिवसभर कुणी ना कुणी त्यांना हाका मारत असायचं. संध्याकाळच्या हाकेला येणारी ओसुद्धा सकाळच्यासारखीच असायची, ना त्रासलेली, ना दचकलेली. सुरुवातीला मला याचं कौतुक वाटायचं. पुढे त्याचा हेवा वाटू लागला, आणि तो चांगला दोन वर्षं पोसला मी.

आमचं ध्यानकेंद्र मुठा खोऱ्यात आहे. शनिवार-रविवारी माण-हिंजवडीकडची संगणकवाली मंडळी गाड्या भरून शांतता शोधायला येतात आणि आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारतात. वरच्या मजल्यावर छोटी प्रयोगशाळा आहे. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तारा जोडलेली टोपी घालायची आणि मेंदूतल्या विजेच्या रेघा संगणकावर नोंदवायच्या, हे माझं काम. प्रयोग डॉक्टरांचा. ते निवृत्त मेंदूतज्ज्ञ, बोलायला तिखट. "ही रेघ म्हणजे जाणीव नाही हं," ते पाहुण्यांना बजावायचे. "शेजारच्या घरात काय शिजतंय ते धुरावरून ओळखायचा प्रकार आहे हा. धूर दिसतो. चव ज्याची त्याला."

मी परभणीची. पदार्थविज्ञान शिकले, आयटीत सहा वर्षं काढली आणि चांगली नोकरी सोडून इथे आले. आईने वर्षभर फोनवर धड बोलणं टाकलं होतं. अकरा वर्षं मी रोज पहाटे ध्यानाला बसत होते. माझं काहीतरी झालंय, निदान होत आलंय, अशी माझी समजूत होती. मग डॉक्टरांनी एकदा टोपी माझ्याच डोक्यावर चढवली. रेघांवर सगळीकडे कपाळाच्या स्नायूंची खरखर उमटली. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "वैशाली, तुम्ही ध्यान करता की गोणी उचलता?" मी हसले. खोलीवर जाऊन मात्र आरशात कपाळ बघत बसले.

केंद्राच्या स्वयंपाकघरात कामाला असलेल्या ठकूमावशी तिथल्याच, मुठा गावच्या. घरची भातखाचरं होती, नवरा गेलेला, मुलगा-सून शेती बघायचे. ध्यान हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. एकदा शिबिराला आलेल्या एका तरुणाने त्यांना विचारलं, "मावशी, काम करताना तुमच्या मनात विचार येत नाहीत का?"

"येत्यात की," मावशी म्हणाल्या. "इचार म्हंजी कोंबड्या. सूप दिसलं की यायच्याच. हाकलाय उठलं की तांदूळ सांडत्यात. आपुन सूप सोडायचं न्हाई, एवडंच."

त्याने ते लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच सांगायला मी दोन तासांचं व्याख्यान तयार केलं होतं, आणि त्यात तो पेंगला होता.

डॉक्टरांना वर्षभराच्या अभ्यासासाठी पाच माणसं हवी होती. त्या पाच जणांनी रोज डॉक्टरांबरोबर बसायचं, रोज नोंद घ्यायची, रोज बोलायचं. चार ठरली. पाचवी जागा मला हवी होती. किती हवी होती ते सांगायला लाज वाटते. नोकरी, घर, आईचं बोलणं, एवढं सगळं सोडून मी काय मिळवलं, याचं उत्तर त्या जागेत आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी काढलं, "तुलनेसाठी ध्यान न करणारी माणसंही घेऊ. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा."

ठकूमावशी आल्या त्या खोबरेल तेलाने डोकं चापून. तेल असलं की तारा नीट चिकटत नाहीत आणि रेघांचा नुसता गिचमिडा होतो. मी म्हणाले, "मावशी, उद्या डोकं धुऊन या. तेल अजिबात लावू नका."

त्यांनी केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कोरडं डोकं म्हंजी सुतक, म्याडम. आमचे मालक गेले तवा तेवडं तेल सोडलं व्हतं."

"शास्त्राचं काम आहे, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. "शास्त्राचं आसंल तर आसंल."

दुसऱ्या दिवशी त्या शिकेकाईने डोकं धुऊन आल्या. पांढरे, भुरभुरीत केस. मुठ्यापासून केंद्रापर्यंत चालत येताना तिघी-चौघींनी त्यांना थांबवून विचारलं होतं, कोण गेलं गं? हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

आमच्या प्रयोगात मधूनच कानात 'टिक्' असा आवाज करतात. पहिल्या आवाजाला मेंदू दचकतो, रेघ मोडते. आठ-दहा वेळा झालं की मेंदूला सवय होते आणि तो आवाज हिशेबात धरेनासा होतो. सगळ्यांचं असंच व्हायचं, माझंही. मावशी डोळे मिटून मांडीवर हात ठेवून बसल्या. रेघ संथ होती. पहिल्या आवाजाला ती जराशी हलली आणि लगेच पूर्ववत झाली. दहाव्यालाही तसंच झालं. तिसाव्यालाही तितकीच हलली आणि तितक्याच लवकर परत संथ झाली. प्रत्येक आवाज त्यांनी नव्याने ऐकला होता. ओट्यावरची ती ओ माझ्यासमोर संगणकावर उमटत होती, तीस वेळा.

आनंद व्हायला हवा होता. ज्यासाठी मी अकरा वर्षं बसले ते असू शकतं, याचा पुरावा माझ्या पुढ्यात होता. पण माझ्या मनात आलं ते असं : हिला का? हिला नकोसुद्धा आहे! अशी रेघ पाहिल्यावर डॉक्टर तुलनेबिलनेचं विसरणार, पाचवी जागा कुणाला जाणार हे मला कळून चुकलं. मावशी खाली गेल्या आणि मी नोंदीवर शेरा टाकला, 'केसांना तेल. नोंद ग्राह्य नाही.' तसा शेरा असला की डॉक्टर ती नोंद उघडतही नसत. टोपी मी घालत होते, त्यामुळे माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

दुपारी जेवताना डॉक्टर पंगतीतून म्हणाले, "काय मावशी, तेल लावून आलात म्हणे? वाया गेली की सगळी मेहनत."

मावशींच्या हातात आमटीचा डाव होता. केस अजून तसेच भुरभुरीत, सगळ्यांना दिसतील असे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलं आसंल जरासं." आणि मला आमटी वाढली.

पाचवी जागा मला मिळाली. "नोंद काही खास नाही तुमची," डॉक्टर म्हणाले, "पण नेमाने बसता." तीन आठवडे मी बसले. डोळे मिटले की तो आमटीचा डाव दिसायचा. खरं सांगायचं तर पश्चात्तापाहूनही हेवा जास्त होता. खोटा आळ अंगावर घेतानाही या बाईची रेघ मोडली नसणार, असं वाटून मी आणखी जळत होते. चौथ्या आठवड्यात मी ओट्यावर गेले.

"मावशी, तेल नव्हतं."

"मला ठाव हाय. डोकं माजंच हाय न्हवं?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या तांदूळ निवडत राहिल्या. "तुजं त्वांड बगितलं. एवडी शिकल्याली पोर, आन् चोरी धरल्यावानी बसली व्हती. काय बोलायचं?" एक खडा फेकून म्हणाल्या, "काय व्हतं गं एवडं त्या रेघंत?"

"मला पाहिजे होतं ते होतं. तुमच्यात आहे, माझ्यात नाही."

मावशींनी मान वर करून मला नीट पाहिलं. मग सूप माझ्याकडे सरकवलं. "मंग घे की. खडं हैत अजून."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "यंत्र खोटं बोलत नाही, म्हणून आपण त्याच्यापाशी बसतो," एवढंच म्हणाले. माझी जागा गेली, टोपीही गेली, मी शिबिरांच्या नावनोंदणीवर आले. तो शेरा खोटा होता, मग त्या नोंदीत आणखी काय खोटं असेल, म्हणून डॉक्टरांनी मावशींची नोंदही रद्द केली. नवी घ्यायला ते गेले तर मावशींनी हात जोडले. "न्हाई बाबा. पुन्यांदा न्हाई. रस्त्यानं लोकं इचारत्यात, कोन मेलं म्हनून." माझ्याशिवाय ती रेघ कुणी पाहिली नाही.

टोपी गेल्यावर मावशी एकदा म्हणाल्या, "आता तुज्या डोस्क्याला काय अडचन हाय?" रोज सकाळी मी टोपी स्वतःवर तपासायचे, त्यामुळे वर्षानुवर्षं माझ्या केसांना तेल नव्हतं. "कोरडं डोकं घिऊन हिंडती, कुनी मेल्यावानी. बस हितं." तेव्हापासून त्या ओट्यावर मला तेल लावून द्यायच्या. बोटं भातकामाने खरखरीत झालेली, दाब भारी. कपाळाशी आल्या की दोन्ही अंगठ्यांनी भुवयांमधली आठी पुसल्यासारखी करायच्या. "हितं लई गाठ हाय गं तुजी," म्हणायच्या. अकरा वर्षांत जे सुटलं नाही ते तेवढ्यापुरतं सुटायचं. त्या आत गेल्या की गाठ पुन्हा बसायची.

मागच्या माघात मावशी गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. सुनेने सांगितलं, शेवटच्या दिवशी डोळे मिटूनच होत्या, पण नातवाने "आजे" म्हटलं की ओ द्यायच्या. प्रत्येक वेळी. हे ऐकून मी रडले आणि रडता रडताही मला हेवा वाटला. मरणाच्या दारातही ही बाई घरीच होती.

मावशींच्या घरून मी कामावर परत आले. आठवडा झाला असेल. बागेत नुकत्याच कामाला लागलेल्या हिराबाई मुठ्याच्या नाहीत, लांबच्या वाडीवरून येतात, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी नावनोंदणीच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी दारातून मला हाक मारली, मग पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला मी ओ दिली. त्या जवळ आल्या, माझ्या केसांकडे बघून थबकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "डोकं कोरडं का ओ, म्याडम? कोन गेलं तुमचं?"

माझं कोण? ना नात्याची, ना गावाची. जिच्यावर मी जळले, जिच्यावर खोटा शेरा मारला, तिचं सुतक मी कोणत्या तोंडाने पाळत होते?

"मावशी गेली माझी," मी म्हणाले.