ओल्या मैदानावर पोरी न उतरवणाऱ्या शिकलगार मॅडम

माधवनगरच्या आमच्या शाळेत बास्केटबॉलचं मैदान होतं, पण आठवीत जाईपर्यंत ते कशाचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. दोन टोकांना दोन खांब आणि त्यांवर जाळी नसलेल्या दोन गंजक्या रिंगा, एवढंच दिसायचं. गिरण्या बंद पडल्यावर गावातल्या बऱ्याच गोष्टी अशाच नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, त्यातलीच ही एक असावी असं वाटायचं. एका दुपारी नव्या क्रीडाशिक्षिका आल्या. उजव्या पायानं किंचित लंगडत होत्या. मी व्हरांड्यात डबा खात होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "ए उंच, इकडं ये," आणि काही न सांगता छातीवर बॉल फेकला. तो माझ्या हातून निसटून गटारात गेला.

"बॉल यायच्या आधी डोळे का मिटतीस गं?" त्यांनी विचारलं.

"लागंल म्हणून."

"लागू दे की. उघड्या डोळ्यानं लागू दे."

शिकलगार मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी. आज मी शिरवळजवळच्या एका शाळेत त्यांचंच काम करते, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला तोच प्रश्न विचारते. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला संपादकांनी मला बोलावलं, हा माझा सन्मान आहे. मात्र हा लेख मी प्रसन्न मनानं लिहू शकत नाही, याची कल्पना मी त्यांना आधीच दिली आहे. कारण याच निमित्तानं होणाऱ्या सत्कार समारंभाच्या माहितीपत्रकात मॅडमच्या नावाखाली एक वाक्य छापलं आहे: "विवाहामुळे त्यांनी ऐन उमेदीत खेळातून निवृत्ती घेतली." हे वाक्य खोटं आहे. मॅडम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हा ते पहिल्यांदा छापलं गेलं आणि अजून छापलं जातं आहे. म्हणून आधी खरं काय घडलं ते सांगते.

मॅडम मिरजेच्या. त्यांचे वडील दवाखान्यांतल्या कात्र्या आणि चाकूंना धार लावून द्यायचे. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं छोटं दुकान होतं. लेक राज्याच्या संघात खेळू लागली तेव्हा सामन्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते सायकलवरून सांगलीला यायचे. सामना संपेपर्यंत उभेच राहायचे. बसलं की पोरगी हरते, अशी त्यांची समजूत होती. ज्यांनी मॅडमना त्या काळात खेळताना पाहिलंय ते सांगतात, बोर्डाखाली चार जणींच्या गर्दीतून त्या अशा निघायच्या, की बॉल रिंगेत पडल्यावरच लोकांच्या लक्षात यायचं. त्यांना देशाच्या संघासाठीच्या शिबिराचं बोलावणं आलं. त्याच्या तोंडावर परगावी एक निवड सामना होता. पत्र्याच्या छपराचा हॉल होता आणि छप्पर गळत होतं. एका रिंगेखाली पाणी साचलं होतं. मॅडमनी राज्य बास्केटबॉल संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यांना ते दाखवलं. ते म्हणाले, "पुसून घ्या आणि खेळा." पुसायला कापड मात्र कुणी दिलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये मॅडम उडी मारून तिथंच उतरल्या आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला.

संघटनेतला एकही माणूस त्यांच्याबरोबर आला नाही. एका मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून त्या रेल्वेनं मिरजेला उतरल्या. फलाटावरून वडिलांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं आणि थेट दवाखान्यात नेलं, त्याच दवाखान्यात जिथल्या हत्यारांना ते धार लावत. गुडघा बरा झाला, पण पूर्वीचा राहिला नाही. आठवड्याभरानं वर्तमानपत्रात बातमी आली की हमीदा शिकलगार यांनी विवाहामुळे खेळाला रामराम ठोकला. गळक्या छपराचा त्यात उल्लेख नव्हता. वडील तो अंक घेऊन सांगलीला त्या पदाधिकाऱ्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "सायेब, माझ्या लेकीचं लगीन ठरलंय हे मला बी आजच कळलं. नवरा कोण हाय, तेवढं तरी सांगा."

साहेबांनी आतून चहा मागवला. त्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणीच दिलेलं नाही. मॅडमचं लग्न त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिरजेतल्याच एका शिक्षकांशी झालं. ते तर आमच्या सरावाला येऊन बॉलमध्ये हवा भरून द्यायचे. त्या सज्जन माणसावर हा आळ का?

आणखी एका शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. मॅडमचा कुठंही सत्कार झाला की कुणीतरी वक्ता भरल्या गळ्यानं म्हणतो, "मुस्लिम समाजातल्या असूनही त्यांनी..." हे मी समोर बसून इतक्यांदा ऐकलंय की आता अंगावर काटा येतो. "असूनही" म्हणजे काय? त्यांच्या घरातून त्यांना कोणी अडवलं? वडील उभ्यानं सामने बघत होते, आई रात्री धुतलेली जर्सी चुलीच्या उबेला वाळवत होती, मोहल्ल्यातल्या बायका "आमची हमीदा" म्हणून पेढे वाटत होत्या. अडवलं ते गळक्या छपरानं आणि त्याखाली खुर्ची टाकून बसलेल्यांनी. ते कोणत्या समाजाचे होते, हे कधी कुठल्या वक्त्यानं सांगितलेलं मला आठवत नाही.

आता लक्ष्मीची गोष्ट. लक्ष्मी जत तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकायची. माझ्याहून वर्षानं लहान आणि हातभर उंच. नववीत असताना तिच्या घरच्यांनी तिला परत न्यायचं ठरवलं. मॅडम एसटीनं गेल्या, पुढं चालत गेल्या, आणि मेंढ्या बसवल्या होत्या त्या रानात तिच्या आईला गाठलं. मी बरोबर होते. आई म्हणाली, "आवं बाई, येवढी उंच पोरगी. हिला नवरा कुठनं हुडकू?"

मॅडम म्हणाल्या, "उंचीची अडचण हाय न्हवं? मग ती उंची मला द्या. माझं काम झालं की परत करते."

आई हसली आणि पोरगी राहिली. पुढच्या काळात मॅडमनी तिच्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी कुणावरच घेतली नसेल. आम्ही कॉलेजात गेलो तरी सराव मॅडमच्याच हाताखाली, त्याच मैदानावर. मी कप्तान होते आणि लक्ष्मी आमचं बळ होती. लक्ष्मीही कॉलेजात आली त्या वर्षी राज्य स्पर्धेची अंतिम फेरी साताऱ्यात होती. त्या सामन्यातूनच राष्ट्रीय शिबिरासाठी मुली निवडल्या जाणार होत्या, आणि लक्ष्मीची निवड होणार हे आमच्याइतकंच समोरच्या संघालाही माहीत होतं.

सकाळी अवकाळी पाऊस झाला. हॉलचे पत्रे गळले आणि एका रिंगेखाली पाणी पसरलं. मॅडमनी बूट काढले, नुसत्या मोज्यांनिशी त्या ओल्यावर उभ्या राहिल्या, पाय किती सरकतो ते पाहिलं, आणि आयोजकांकडे गेल्या. मी मागंच होते.

"अर्धा तास द्या. कोरडी कापडं द्या. माझ्या पोरीच पुसतील."

"मॅडम, प्रमुख पाहुणे केव्हाचे आलेत. त्यांना पुढं कार्यक्रम आहे."

"पाहुण्यांना नुसतं बसायचंय. ह्या पोरींना पळायचंय."

"थोडंसंच ओलं आहे हो. सगळीकडे असंच खेळतात."

"म्हाईत हाय मला," मॅडम म्हणाल्या, "सगळीकडं कसं खेळतात ते."

आयोजकांनी सांगितलं, पाच मिनिटांत उतरला नाहीत तर समोरच्या संघाला विजयी घोषित करू. मॅडम परत आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "बूट काढा." आम्ही काढले. लक्ष्मीनं काढले नाहीत. ती बुटांसकट बाकावर बसून राहिली. समोरचा संघ विजयी झाला. पाहुण्यांचा विरस होऊ नये म्हणून आयोजकांनी आमच्या जागी तिसऱ्या क्रमांकाचा संघ उतरवून प्रदर्शनीय सामना खेळवला, त्याच मैदानावर.

कुणीही पडलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ही गोष्ट सांगताना लोक शेवटी कुणीतरी पाडतातच. एकही मुलगी घसरली नाही. सामना संपल्यावर आयोजकांपैकी एक आमच्यासमोर येऊन म्हणाले, "बघितलंत? उगाच पोरींचं नुकसान केलंत." आणि प्रेक्षकांतले लोक हसले.

एसटीत लक्ष्मी कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग उठून मॅडमच्या सीटजवळ गेली. "तुमी माझं वाटुळं केलंसा," ती म्हणाली. "कोण पडलं? सांगा की, कोण पडलं?"

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. "कोण पडली असती म्हंजे मी बरोबर ठरले असते व्हय? मला बरोबर ठरवायला एका पोरीचा गुडघा पायजे?"

"मग माझं काय?"

"तुझं नुकसान झालं," मॅडम म्हणाल्या. "लय मोठं झालं. ते मी केलं, न्हाई म्हणत न्हाई. पण तुझा पाय शाबूत हाय."

लक्ष्मी आपल्या जागेवर जाऊन रडली. मॅडमनी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच.

संघटनेनं मॅडमवर शिस्तभंगाची कारवाई केली. काही वर्षं त्यांना संघाच्या बाकावर बसायला बंदी होती. वर्षभर सराव त्या घेणार, आणि सामन्याच्या दिवशी मार्गदर्शक म्हणून शाळेतले संस्कृतचे देशपांडे सर बसणार. सरांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी कळल्याचा आव कधी आणला नाही. टाइमआऊट झाला की ते हात जोडून म्हणायचे, "मुलींनो, मॅडमनी काय सांगितलंय ते आठवा आणि तेच करा." आम्ही वर पाहायचो. मॅडम प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसलेल्या. खुणासुद्धा करायच्या नाहीत. बंदी म्हणजे बंदी, असं त्या म्हणायच्या. ज्यांनी स्वतः कुठलाच नियम पाळला नाही त्यांचा नियम मॅडमनी इतका काटेकोर पाळला, याचा मला आजही राग येतो.

लक्ष्मी तीन-चार महिने सरावाला आली नाही. मॅडमनी तिची जागा कुणाला दिली नाही. सरावात आम्ही चौघीच खेळायचो. एका संध्याकाळी ती आली, कुणाशी न बोलता मैदानाला फेऱ्या मारू लागली, आणि मॅडमनी "फेऱ्या झाल्या की फ्री थ्रो" एवढंच म्हटलं. पुढं लक्ष्मी रेल्वेकडून खेळली, तिथंच नोकरीला लागली, आज मुलींच्या संघाची प्रशिक्षक आहे. पण शिबिराचं ते वर्ष गेलं ते गेलंच. देशाची जर्सी तिच्या अंगावर कधी आली नाही. तिची ती जर्सी कुणी हिरावली, हा प्रश्न मॅडमना विचारणारे पुष्कळ भेटले. पत्रे दुरुस्त करणं ज्यांचं काम होतं, त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या ग्रंथासाठी मी लक्ष्मीला लेख मागितला. फोनवर ती म्हणाली, "मी लिहिणार न्हाई. मला अजून राग हाय." आणि थोड्या वेळानं, "पण माझ्या पोरी ओल्या मैदानावर उतरत न्हाईत. एवढं तू लिही." लिहिलं, लक्ष्मी.

आता त्याच संघटनेनं या समारंभात मॅडमना जीवनगौरव द्यायचं ठरवलं आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. बातमी वाचून मी तडक मिरजेला गेले. मॅडम अंगणात गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. मी चिडूनच विचारलं, "मॅडम, तुम्ही हा सत्कार घेणार आहात?"

"घेणार की. न्हाई कशाला?"

"त्यांच्या हातून?"

"त्यांच्याच हातून," त्या म्हणाल्या. "मी एकच सांगून ठेवलंय त्यांना. सत्काराला उत्तर द्यायला माईक पायजे. आणि माझं झाल्याशिवाय बंद करायचा न्हाई."

तर समारंभाला येणाऱ्या सर्वांना या लेखातून एक विनंती. भाषण लांबलं म्हणून पाहुण्यांनी घड्याळ बघू नये, वीज गेल्याची सबब सांगू नये, आभार मानणाऱ्यांनी मध्येच उठू नये. मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, तो गुडघा थंडीत दुखायचा थांबो. त्या दिवशी पाणी पिऊन, दम खाऊन, अगदी सावकाश बोला. तुमच्या सगळ्या पोरी पुढच्या रांगेत असतील, आणि तुमचं बोलून होईपर्यंत त्या दारातून कुणालाही बाहेर जाऊ देणार नाहीत.