पाच अक्षरी नाना

दत्तूनानांच्या कानावर इंग्रजी शब्द पडला की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागे. अक्षरं मोजायची. समोरचा माणूस रडतोय की हसतोय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. मोजून झालं की डावा डोळा बारीक करून म्हणत, "सात. पण आर नाही त्यात." मग कानात फिरवलेली पेन्सिल जिभेवर ओली करून तो शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून घेत. मला शिसारी यायची. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. जमेल तेवढं बोलतो, फार जमेल असं वाटत नाही.

नाना रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. निवृत्त होऊन कर्जतला आमच्या आळीत राहायला आले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजी पेपरांतून शब्दकोड्यांचं खूळ नुकतंच शिरलं होतं. इतक्या अक्षरांचा शब्द, त्यात अमुक अक्षरं हवीत, चौकोन भरा, कापून पाठवा, बक्षीस मिळवा. मी टपाल कचेरीत होतो, त्यामुळे दर बुधवारी हा माणूस माझ्याच नशिबी. खिडकी बंद झाल्यावर येऊन फळीवर थापा मारायचा. "उघड रं, मुंबई खोळंबलीय!" बक्षीस कधी आलं नाही. त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं होतं, "शब्द माझाच घरंदाज होता. छापणारे अडाणी."

घरंदाज हा त्यांचा लाडका शब्द. खरं तर त्यांचे वडील दहिवलीला दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवत होते. पण दोन इंग्रजी शब्द आल्यावर नानांना तो चिखल आठवेनासा झाला.

त्यांची बायको तापाने फणफणली होती तेव्हा मी तिथेच होतो. डॉक्टरांनी बाहेर येऊन हळू आवाजात न्यूमोनिया असल्याचं सांगितलं. मुलगी अनसूया दाराला धरून मटकन खाली बसली. आणि नानांचा अंगठा पेरांवरून फिरला. "नऊ! आणि पहिला पी मुका!" त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. माउली दोन दिवसांनी गेली. मी त्या घरचं पाणी पिणं सोडलं.

पण अनशीसाठी जावं लागे. पोरगी कामाची, शांत, आणि लग्नाचं वय उलटत चाललेलं. स्थळं येत होती, पण पाहायला आलेल्या मुलाची नानाच परीक्षा घेत. पोह्यांची बशी त्याच्या हातात पडली रे पडली की, "बोला, सहा अक्षरी, त्यात के आणि डब्ल्यू." मुलगा गांगरला की नाना हात जोडत. "पोहे खा आणि गाडी धरा." हे वाक्य आळीत इतकं गाजलं की लोक ते ऐकायला खिडकीशी उभे राहत. हसतही. ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली होत्या, तेसुद्धा हसत. नानांइतकीच मला या लोकांची किळस आली.

चौक गावचं एक स्थळ मीच आणलं होतं. मुलगा खोपोलीच्या वीजघरात कामाला, हात तेलाने काळवंडलेले, नजर स्वच्छ. नानांनी विचारलं, "पाच अक्षरी. एल आणि व्ही."

मुलगा क्षणभरही अडला नाही. "व्हॉल्व्ह," म्हणाला.

दाराआड अनशीच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, सुटली पोर. नानांनी पेरं मोजली, पुन्हा मोजली, आणि तोंड वाकडं केलं. "बरोबर आहे. पण हा कारखान्यातला शब्द. मला नॉव्हेल हवा होता. मजुराच्या तोंडी मजुराचाच शब्द यायचा. पोहे खा आणि गाडी धरा."

मुलाचा बाप उठला. "पोरगी पसंत हाय आमाला," मला बाहेर गाठून म्हणाला. "पर या मानसाच्या दारात म्या पुन्यांदा पाय ठेवनार नाय." मी अनशीला म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, "आई गेल्यापासून त्यांना माझ्याबिगर कोन हाय, भाऊ? आज ना उद्या वाटंलच की त्यांना माझं कायतरी." त्या आशेवर तिने आणखी दोन वर्षं पोहे केले.

मग नाना गेले. चौकोन भरता भरताच मान टाकली. दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पुतण्याने पिंड ठेवला. करंजावर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. आता मागे राहिलेली इच्छा बोलून दाखवायची असते. पुतण्या हात जोडून म्हणाला, "नाना, अनशीचं लगीन आमी करू." कावळा हलला नाही. "चांगल्या घरी देऊ." नाही. "तुमच्या मनाजोगतं करू." नाहीच. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "नाना, या बुधवारचा कागद मी टपालात टाकतो!"

कावळा सरळ पिंडावर उतरला.

दोघंतिघं गहिवरून म्हणाले, "शब्दांसाठीच जगला मानूस." मी नदीत थुंकलो आणि घरी आलो.

अनशी ओसरीवर वाट पाहत होती. "शिवला?"

"शिवला."

"काय म्हनल्यावर?"

मी चपला काढू लागलो. तिने पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं, तिच्या लग्नाचं तीनदा बोलून झालं होतं हेही. ती रडली नाही. आत गेली, कोनाड्यातला अर्धवट भरलेला कागद आणून माझ्या हातावर ठेवला.

"बोललात ते करा. आनी भाऊ, चौकला निरोप धाडा. तो वीजघरवाला अजून थांबला आसंल तर म्हनावं, माजी ना नाय."

"अगं, तेरावा तरी होऊ दे."

"बाप गेल्यावर वर्षाच्या आत उरकावं लागतं, नायतर तीन वर्षं थांबावं लागतं. म्या लई थांबले, भाऊ."

कागद मी बुधवारी टाकला, बिनतिकिटाचा. चौकला मात्र दहाव्याच्याच दुपारी सायकल काढून स्वतः गेलो.