नोंद ठेवणाऱ्याची चूक कोण लिहिणार?

सगळ्यांच्या चुका लिहून ठेवणाराच चुकला, तर ती चूक कोण लिहितं, सांगा बरं? माणच्या ऑफिसात दारावरचं रजिस्टर आणि आतला चहा मी सांभाळते. तिथल्या अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की दिघीला घरी पोचेपर्यंत बसमधल्या मैत्रिणीला सांगून संपत नाहीत.

एकदा माझं पेन संपलं. माणसं खोळंबू नयेत म्हणून मी सगळ्यांना नोंद न करताच आत सोडलं. पेन संपलंय, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत मात्र राहिले. साहेब रागावले. प्रणाली हसली. ही लातूरची मुलगी, आमच्याकडे प्रोग्राम लिहिते.

"मावशी, तुम्ही डिट्टो आमच्या लॉगिंग लायब्ररीसारख्या!"

मग तिने समजावलं. प्रोग्रामच्या भाषेसोबत नोंदी ठेवणारा एक तयार भाग मिळतो. काय घडलं, काय बिघडलं, ते तो फाइलीत लिहितो. आणि लिहिताना तोच अडखळला तर? काम थांबवत नाही. ती नोंद सोडतो, स्क्रीनवर लाल ओळींत तक्रार करतो आणि पुढे जातो.

मी थक्कच झाले.

*

एकदा चार दिवस फाइलीत एकही एरर आली नाही. टीमचे मोठे महेश सर इतके खूश, की सगळ्यांना मिसळ खिलवली. पाचव्या दिवशी कळलं, डिस्क भरली होती. एररच काय, काहीच लिहिलं जात नव्हतं! लाल ओळी येत होत्या, पण बघतंय कोण?

मिसळ तर खाऊन झाली होती.

*

त्या लाल ओळी ग्राहकासमोर बऱ्या दिसत नाहीत, म्हणून महेश सरांनी एक सेटिंग बदलून त्या बंदच केल्या. "आता कसं स्वच्छ दिसतंय," म्हणाले. म्हणजे नोंद चुकली, तर तक्रारही नाही. मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी.

*

आणि मग आमच्या एका ग्राहकाची चाकणच्या कारखान्यातली भट्टी. तिथले लोक आमच्या नोंदी बघूनच भट्टी बंद करतात. त्या दिवशी भट्टी अति तापली, सगळा माल करपला, आणि फाइलीत इशाराच नाही. साहेबांनी प्रणालीला सगळ्यांसमोर उभं केलं. इशारा लिहिलाच नाहीस, म्हणाले. अजून ती नोकरीत कायम झालेली नव्हती. ठेवायचं की नाही, ते उद्या सकाळी ठरवणार होते.

प्रणालीने सेटिंग पुन्हा चालू केली आणि तोच प्रोग्राम चालवून दाखवला. स्क्रीन लाल झाली.

"इशाऱ्यात दोन जागा होत्या, भट्टीचा नंबर आणि तापमान. मी एकच आकडा दिला, म्हणून लिहिताना ती अडखळली. चूक माझीच हाय, सर. पण लायब्ररी तशी तक्रार करत होती. तिचं तोंड आपण बांधलं होतं."

कोणी बांधलं, ते तिने सांगितलं नाही. महेश सर खाली बघत राहिले. मीही गप्प राहिले, त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश सर सगळ्यांच्या आधी आले. माझ्या रजिस्टरच्या शेरा रकान्यात त्यांनी लिहिलं, "लाल ओळी मी बंद केल्या होत्या." खाली सही केली आणि रजिस्टर घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. प्रणाली आली, तेव्हा नोंद करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी तिला तसंच आत सोडलं.