बोनेटवरचा हात

जुनी गाडी बघायला जाताना फोन करून जायचं नाही, हा माझ्या नवऱ्याचा नियम होता. फोन केला की विकणारा सावध होतो, गाडी पुसतो आणि आपण पोचायच्या आधी थोडा वेळ चालू करून ठेवतो. गरम इंजिन आपलं कुठलंच दुखणं सांगत नाही. स्टार्टर किती वेळ घरघरतो, मागून निळा धूर येतो का, आत काही खडखडतं का, हे सगळं गार गाडी पहिल्यांदा चालू करतानाच कळतं. म्हणून तो पोचल्याबरोबर, नमस्कार-चमत्कार व्हायच्याही आधी, बोनेटवर हात ठेवायचा, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गरम लागलं की चहासुद्धा न घेता परत. मी म्हणायचे, मला बघायला आलास तेव्हा बरा पोह्यांची बशी संपवून उठलास. तो म्हणायचा, तेव्हा अक्कल नव्हती.

हा नियम त्याने एकदाच मोडला. कामोठ्यातली गाडी होती. बोनेट गरम लागलं, पण मालक म्हणाला, आत्ताच धुऊन आणलीय. नवऱ्याने हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला गाडी आवडली होती, त्यालाही आवडली होती. घेऊन टाकली.

ती गाडी पुढे कधीही बंद पडायला लागली. एका दुपारी पेणहून येताना कर्नाळ्याच्या वळणावर बंद पडली. त्याने मला कडेला उभं राहायला सांगितलं, बोनेट उघडून काहीतरी हलवलं, बोनेट बंद केलं आणि दाराकडे यायला वळला. मागून आलेला ट्रक थांबलाच नाही. नंतर मी पुढच्या चाकापाशी त्याच्याजवळ बसले होते. एका हातात त्याचा हात होता आणि दुसरा आधाराला बोनेटवर. त्याचा हात गार पडला तरी बोनेट गरमच होतं. तो गरमपणा माझ्या तळव्यातून अजून गेलेला नाही. इस्त्री करताना, पोळीचा तवा उतरवताना मध्येच वर येतो, आणि मी हातातलं टाकून उभी राहते.

अशातच लेकीला पेणला नोकरी लागली. तोच रस्ता, तेच वळण, रोज जाऊन-येऊन. बसने जा म्हटलं तर म्हणाली, "आई, रात्रीचे आठ वाजतात निघायला, स्टँडवर किती उभी राहू?" नवी गाडी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची तर कर्नाळ्यात बंद न पडणारी हवी होती. माझी मागणी एवढीच होती. लेकीला बघायला बरोबर नेलं नाही, ती रंगावर भुलते.

गव्हाणला एक गाडी आहे असं ओळखीत कळलं. रविवारी सकाळी न कळवता गेले. पर्समध्ये फ्रिजवरचा लोहचुंबक होता, हेही नवऱ्याचंच शिक्षण. खाडीच्या वाऱ्याने इकडच्या गाड्या दाराच्या खालून सडतात, लोक त्यावर पुट्टी भरून रंग मारतात, आणि पुट्टीला चुंबक चिकटत नाही.

तीन मजली घर, खाली पार्किंग, त्यात लहानशी पांढरी गाडी. मालक साठीचे, बनियनवर, हातात पेपर. डोक्यावरून विमान गेलं, ते जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. मग ते म्हणाले, "पोराची गाडी हाय, ताई. त्यो गेला, काविळीनं. तवापासून गाडी उभीच हाय. कोणी हातसुदा लावला नाय."

चुंबक दारांना खालपर्यंत नीट चिकटला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, चिखलाचा डाग नव्हता, म्हणजे गाडी पुरात बुडालेली नव्हती. पायपुसणी उचलली, खाली गंज नव्हता. मी मनात गाडी जवळजवळ घेतलीच होती, आणि मग बोनेटवर हात ठेवला.

गरम होतं.

मला पुढचं दिसेनासं झालं. कामोठ्याचा तो मालक, ते वळण, गाडीखालून आलेली नवऱ्याची चप्पल, सगळं त्या पार्किंगमध्ये येऊन उभं राहिलं. आणि मला संताप आला, तोंडाला येईल ते बोलायचा.

"खोटं बोलताय तुम्ही," मी म्हणाले. "आत्ता चालू करून ठेवली होती. मेलेल्या मुलाचं नाव पुढे करून सडकी गाडी विकताय?"

त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. आतून एक बाई आल्या, त्यांच्या बायको. पदराच्या टोकाला गाडीची किल्ली बांधलेली होती.

"त्यांना नको बोलू, बाय," त्या म्हणाल्या. "मीच चालू करतंय रोज सकाळी. यांना सांगायची लाज वाटते."

माझा हात अजून बोनेटवरच होता.

"पोर हॉस्पिटलातनं फोन करायचा. आई, गाडी चालू केलीस का, उभी ठेवली तर खराब होल. मला काय येतंय? त्यानं फोनवरच शिकवली, किल्ली कशी फिरवायची ती. तवा लागली सवय." त्यांनी बोनेटवर माझ्या हाताशेजारी हात ठेवला. "मंग गरम झाली का वाटते, आताच येऊन उतरलाय. वर गेलाय हातपाय धुवायला."

मला रडू आलं, आणि मी ते दाबलंही नाही. मग त्यांना माझं सगळं सांगितलं, नवऱ्याचा नियम, कर्नाळा, लेकीची नोकरी. त्यांनी ऐकून घेतलं. मधूनमधून त्या बोनेटवरून हात फिरवत होत्या. मी म्हणाले, "राहू दे तुमची गाडी, मी दुसरी बघेन." आणि मला तसंच वाटत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "पोरीला लागेल ना? उद्या सकाळी ये. मी हात लावणार नाय."

दुसऱ्या दिवशी, मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून गेले. मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि ते लांब जाऊन उभे राहिले. बाई दारात होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी बोनेटवर हात ठेवला.

"गार हाय ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"हो," मी म्हणाले, "गार आहे."

त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. इतक्या वर्षांत गार बोनेटची मी पहिल्यांदाच वाट पाहिली होती, आणि हाताला लागलं तेव्हा ते मला नको झालं होतं. किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. नवऱ्याने एवढ्यावर पेढे आणले असते.

लेक आता त्याच गाडीने पेणला जाते. रात्री ती वर येऊन जेवायला बसली की मी काहीतरी निमित्त काढून खाली जाते. तिला वाटतं मी कचरा टाकायला जाते. कधीकधी त्याच वेळी गव्हाणहून फोन येतो. बाईंना दुसरं काही विचारायचं नसतं.

"आली का गाडी?"

मी बोनेटवर हात ठेवते.

"आली," मी सांगते. "गरम आहे अजून."